हृदयाची ओसरी व माजघर

गेल्या अंकांत आम्हीं श्वासोच्छ्वासाविषयीं चार गोष्टी लिहिल्या होत्या. हवा फुप्फुसांत जाते व तेथें रक्ताला प्राणवायु देते, येथवर आपण येऊन पोंचलों होतों. आतां तें रक्त फुप्फुसापर्यंत येतें कसें आणि तेथून पायाच्या अंगठ्यापर्यंत जातें कसें, हें सांगणें क्रमप्राप्तच होतें. परंतु खरें सांगावयाचें तर हा लेख आम्ही केवळ क्रमासाठीं लिहीत नाहीं. आमच्या थोरल्या वहिनींनीं आम्हांस एक प्रश्न विचारला होता. त्याचें नीट उत्तर आम्हांस अद्याप देतां आलेलें नाहीं. तें देण्याचा हा प्रयत्न आहे.

तो प्रश्न असा : "भाऊजी, चौतीस वर्षं तुम्ही मुलांना हृदय शिकवलंत. मग माझं हृदय बिघडलं तेव्हां तुम्हांला कसं नाहीं कळलं?"

प्रश्नांत राग नव्हता. माघांतली दुपार होती, वहिनी मटार सोलीत बसल्या होत्या, आणि हातांतलें काम न थांबवितां त्यांनीं तो सहज विचारला. म्हणूनच तो आम्हांस अधिक लागला.

घडलें तें असें. त्यापूर्वींच्या भाद्रपदांत, गौरी जेवणाच्या दिवशीं, आमच्या घरीं नेहमींप्रमाणें पंचवीस-तीस पानें होतीं. वहिनी पहांटेपासून ओट्याशीं उभ्या. शेवटची पंगत वाढतांना त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर एकाएकीं टेकल्या. अंगाला दरदरून घाम सुटला होता. "जबडा आंवळल्यासारखा वाटतोय, पाठ भरून आलीय, मळमळतंय," एवढेंच त्या म्हणाल्या. छातींत दुखतें असें त्या म्हणाल्या नाहींत. सकाळपासून पोटांत कांहीं नाहीं, पित्त झालें असेल, असें घरांतल्या सर्वांनीं ठरविलें. आणि लिहितांना लाज वाटते, पण आल्या-लिंबाचा रस द्यावा ही सूचना आमचीच. रस घेऊन त्या उठल्या व पुन्हां वाढूं लागल्या. दिवेलागणीच्या वेळीं धाकट्या सूनबाईंनीं कोणाचें न ऐकतां त्यांना रुग्णालयांत नेलें. हृदयाचा झटका येऊन पांच तास होऊन गेले, असें डॉक्टरांनीं सांगितलें. वहिनी घरीं परत आल्या ही देवाची कृपा. परंतु आज जिना चढतांना त्यांना चौथ्या पायरीवर थांबावें लागतें.

आतां मूळ विषयाकडे वळूं. आम्ही मूळचे संस्कृताचे मास्तर. मॅट्रिक होऊन शाळेंत लागलों, पुढें एका शास्त्रीबोवांपाशीं व्याकरण व काव्यें केलीं. पण शाळा लहान व मास्तर थोडे, म्हणून आठवीचें शरीरशास्त्रही आमच्याच गळ्यांत पडलें. तेव्हां आमची खोड अशी कीं, कोणतीही वस्तु समजावयाची तर आम्ही आधीं तिच्या नांवाकडे जातों.

बृहदारण्यकोपनिषदाच्या पांचव्या अध्यायांत 'हृदय' या शब्दाचीं तीन अक्षरें फोडून दाखविलीं आहेत. 'हृ' म्हणजे आणणें, 'द' म्हणजे देणें, व 'य' म्हणजे जाणें. हृदय रक्त आणतें, देतें व पुढें जाऊं देतें, तेव्हां आमच्या ऋषींना रक्ताभिसरण ठाऊकच होतें, असें कित्येक उत्साही गृहस्थ यावरून सांगतात. आमच्या मतें हा ऋषींचा गौरव नव्हे. त्या ठिकाणीं हृदय म्हणून ब्रह्माची उपासना सांगितली आहे, रक्ताची नव्हे. सुश्रुतानें मात्र शारीरस्थानांत हृदयाच्या आकाराविषयीं लिहिलें आहे, आणि अधोमुख कमळाची जी उपमा त्यानें दिली ती आजही शोभते. कारण हृदयाचें रुंद बूड वर व निमुळतें टोंक खालीं डावीकडे असतें.

हें हृदय ज्याच्या-त्याच्या मुठीएवढें असतें. मोठ्या माणसांत त्याचें वजन सुमारें अडीचशे ते साडेतीनशे ग्रॅम भरतें. तें अगदीं डाव्या अंगाला असतें ही समजूत बरोबर नाहीं. छातीच्या मधल्या हाडामागें, दोन फुप्फुसांच्या मध्यें त्याची जागा असून त्याचा दोन-तृतीयांश भाग मध्यरेषेच्या डावीकडे येतो. त्याच्याभोंवतीं दुपदरी पातळ पिशवी असते व दोन पदरांमध्यें थोडेसें पाणी असतें, त्यामुळें तें धडधडतांना आजूबाजूला घासत नाहीं.

या मुठीएवढ्या मांसपिंडांत चार दालनें आहेत. वरच्या दोहोंस अलिंद म्हणतात व खालच्या दोहोंस निलय. संस्कृतांत अलिंद म्हणजे दारापुढील ओटा किंवा ओसरी, आणि निलय म्हणजे राहतें घर. ज्या कोणीं हे शब्द योजिले त्याला आमचा नमस्कार असो! घरीं येणारा मनुष्य आधीं ओसरीवर टेकतो व मग माजघरांत येतो. त्याचप्रमाणें हृदयाकडे येणारें रक्त प्रथम अलिंदांत उतरतें व तेथून निलयांत जातें. ओसरीचें काम घटकाभर थारा देण्याचें, म्हणून अलिंदाच्या भिंती पातळ असतात. निलयाला रक्त दूरवर फेंकावयाचें असतें, म्हणून त्याच्या भिंती जाड स्नायूंच्या असतात.

परंतु हा चार दालनांचा एक वाडा नव्हे. वांटणीनंतर मधोमध भिंत घातलेले जुने वाडे वाचकांनीं पाहिले असतील. उजवीकडे एक ओसरी व एक माजघर, डावीकडेही तसेंच, आणि मध्यें अखंड भिंत. हृदय हें असें आहे. फरक इतकाच कीं येथील भाऊबंदांत भांडण नाहीं. उजव्या घरांतलें रक्त डाव्या घरांत जावयाचें तर त्याला बाहेरगांवावरून वळसा घ्यावा लागतो, आणि तें बाहेरगांव म्हणजे फुप्फुस. मूल गर्भांत असतांना मात्र दोन ओसऱ्यांमधील भिंतीला एक लहानशी खिडकी असते, कारण त्या वेळीं फुप्फुसें कामाला लागलेलीं नसतात. जन्मल्यावर पहिला श्वास घेतांच ती खिडकी लोटली जाते व पुढें बुजते. चौघांतील सुमारें एका माणसांत ती थोडीशी किलकिली राहून जाते. परंतु बहुतेकांस त्याचा त्रास होत नाहीं.

आतां रक्ताचा प्रवास पाहूं. सर्व शरीरास प्राणवायु देऊन परतलेलें रक्त दोन मोठ्या नीलांवाटे, म्हणजे महानीलांवाटे, उजव्या अलिंदांत येतें. तेथून उजव्या निलयांत. उजवें निलय आंवळलें कीं फुप्फुस-रोहिणीवाटे फुप्फुसांत. तेथें अंगार वायु टाकून व प्राणवायु घेऊन तें फुप्फुस-नीलांवाटे डाव्या अलिंदांत येतें. तेथून डाव्या निलयांत. आणि डावें निलय आंवळलें कीं महारोहिणींतून मस्तकापासून तळपायापर्यंत सर्वत्र. रोहिणी म्हणजे तांबूस व नीला म्हणजे निळी, हीं नांवें कानाला गोड असलीं तरी त्यांनीं फसूं नये. हृदयापासून दूर नेणारी ती रोहिणी व हृदयाकडे आणणारी ती नीला. रंगाचा संबंध नाहीं. फुप्फुस-रोहिणींत काळसर रक्त असतें व फुप्फुस-नीलांत लालभडक. या जागीं आमच्या वर्गांतील निम्मीं मुलें दर वर्षीं चुकत. शिवाय 'अशुद्ध रक्त' हा शब्द आपण वापरतों तोही सैल आहे. त्या रक्ताला विटाळ झालेला नसतो. त्याची शिदोरी संपलेली असते, इतकेंच.

दोन्ही निलयें एका ठोक्याला सारखेंच रक्त बाहेर टाकतात. तरी डाव्या निलयाची भिंत उजव्याच्या सुमारें तिप्पट जाड असते. कारण उघड आहे. उजव्याला शेजारच्या फुप्फुसापर्यंतच पोंचावयाचें असतें; डाव्याला सगळा देश पालथा घालावयाचा असतो. डॉक्टर दंडाला पट्टा बांधून १२० व ८० असे आंकडे सांगतात, ते या डाव्या निलयाच्या जोराचे. उजव्याचा जोर त्याच्या पांचव्या हिश्श्याएवढाच असतो.

रक्त उलट फिरूं नये म्हणून चार झडपा असतात. लोहाराच्या भात्याला चामड्याची झडप असते, ती वारा आंत घेते पण परत सोडीत नाहीं, तसाच हा प्रकार. ओसरी व माजघर यांमध्यें उजवीकडे त्रिदल झडप व डावीकडे द्विदल झडप. आणि माजघरांतून बाहेर पडण्याच्या दोन्ही वाटांवर अर्धचंद्राकृति झडपा. निलय आंवळतें तेव्हां आंतल्या झडपेवर एवढा दाब येतो कीं ती ओसरींत उलटावयाची. म्हणून तिच्या पाकळ्यांना खालून बारीक चिवट दोऱ्या असतात व त्या दोऱ्या निलयाच्या भिंतींतील लहान स्नायु ताणून धरतात. छातीला कान लावला असतां जें 'लब्-डब्' ऐकूं येतें, तो या झडपा मिटण्याचा आवाज होय. आंतल्या दोन मिटल्या कीं लब्, बाहेरच्या दोन मिटल्या कीं डब्. १८१६ सालीं पॅरिस येथील लेनेक या वैद्याला एका तरुण स्त्रीच्या छातीला कान लावणें प्रशस्त वाटेना, म्हणून त्यानें कागदाची सुरळी करून तिच्या छातीवर ठेवली व दुसऱ्या टोंकाला कान लावला. आवाज अधिकच स्पष्ट आला. डॉक्टरांच्या गळ्यांतील नळीचा जन्म असा मर्यादेपोटीं झाला.

रक्त फिरून परत येतें ही गोष्ट आज आठवीच्या मुलाला ठाऊक आहे. पण ती कळावयास फार काळ लागला. दुसऱ्या शतकांतील गेलन या ग्रीक वैद्याच्या मतें रक्त यकृतांत अन्नापासून तयार होई व अवयवांत जाऊन खपे. आणि हृदयाच्या मधल्या भिंतीला अदृश्य छिद्रें असून त्यांतून तें उजवीकडून डावीकडे झिरपे. हें मत सुमारें चौदा शतकें चाललें. तेराव्या शतकांत कैरो येथील इब्न अल्-नफीस या वैद्यानें, भिंत सलग आहे व रक्त फुप्फुसावरूनच जातें, असें स्पष्ट लिहून ठेविलें होतें. पण युरोपांत तें पुष्कळ काळ कोणाच्या कानीं गेलें नाहीं. अखेर १६२८ सालीं विल्यम हार्वी या इंग्रज वैद्यानें आपला लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध करून या वादाचा निकाल लाविला.

हार्वीची युक्ति आमच्यासारख्या मास्तरांना फार आवडते, कारण तिच्यांत त्रैराशिकापलीकडे कांहीं नाहीं. एका ठोक्याला हृदय अगदीं थोडें रक्त फेंकतें असें धरलें, तरी अर्ध्या तासांतील ठोक्यांनीं त्यास गुणलें असतां एकंदर शरीरांत असतें त्याहून अधिक रक्त होतें. एवढें नवें रक्त अन्नांतून निघणें शक्य नाहीं. तेव्हां तेंच रक्त फिरून येत असलें पाहिजे. दुसरा पुरावा त्यानें नीलांचा दिला, व तो वाचकांनीं स्वतः पाहावा. हात थोडा वेळ खालीं लोंबता ठेवा म्हणजे वरच्या बाजूच्या शिरा फुगतील. बोटांच्या बाजूला एका शिरेवर एक बोट दाबून धरा व दुसऱ्या बोटानें ती शीर मनगटाकडे पुसत न्या. शीर रिकामी होते व रिकामीच राहते. वरचें रक्त खालीं येत नाहीं, कारण आंत झडपा आहेत. दाबलेलें बोट उचला कीं ती खालून भरून येते. म्हणजे नीलांत रक्त हृदयाकडेच जातें. रोहिणींतून गेलेलें रक्त नीलांत शिरतें कोठून, तें मात्र हार्वीला दिसलें नाहीं. त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनीं, १६६१ सालीं, इटलींतील माल्पीगी यानें सूक्ष्मदर्शकाखालीं बेडकाच्या फुप्फुसांतील केशवाहिन्या पाहिल्या, आणि वर्तुळ पुरें झालें.

हार्वीचें गणित आजच्या आंकड्यांनीं मांडूं. स्वस्थ बसलेल्या माणसाचें हृदय मिनिटाला सुमारें ७२ वेळां ठोका देतें व दर ठोक्याला सुमारें ७० मिलीलिटर रक्त टाकतें. म्हणजे मिनिटाला पांच लिटर. शरीरांतील एकंदर रक्तही जवळजवळ तेवढेंच. अर्थात् सगळें रक्त मिनिटभरांत एक प्रदक्षिणा करतें. दिवसाचे ठोके एक लाखाहून अधिक, व दिवसाचें रक्त ७,२०० लिटर. पंधरा लिटरची घागर धरली तर ४८० घागरी! आमच्या वयाच्या माणसाच्या हृदयानें आजवर अडीचशे कोटींच्या आसपास ठोके दिलेले असतात.

हे ठोके द्यावयास सांगतो कोण? उजव्या अलिंदाच्या वरच्या भिंतींत स्नायूचाच एक लहानसा पुंजका आहे. १९०७ सालीं कीथ व फ्लॅक या दोघां ब्रिटिश शास्त्रज्ञांनीं तो दाखविला. त्यांतून आपोआप बारीकशी विद्युत् निघते व दोन्ही अलिंदें आंवळतात. पुढें ओसरी व माजघर यांच्या सीमेवर दुसरा पुंजका ती विद्युत् सेकंदाचा सुमारें दहावा भाग अडवून धरतो, आणि मग खालीं सोडतो. हा क्षणभराचा खोळंबा नसता तर ओसरी रिकामी होण्याआधींच माजघर आंवळलें असतें. मेंदूकडून येणाऱ्या मज्जातंतूंनीं ठोक्यांची गति कमीजास्त होते, पण ठोका स्वतः हृदयाचाच असतो. दुसऱ्याचें हृदय बसवितांना त्याचे सर्व मज्जातंतु तुटलेले असतात, तरी तें नव्या छातींत चालूं लागतें. असें पहिलें आरोपण ३ डिसेंबर १९६७ रोजीं केप टाउन येथें डॉ. बर्नार्ड यांनीं केलें. आणि पुढील फेब्रुवारींत, १९६८ सालीं, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनींही तें धाडस केलें. तो रोगी कांहीं तासांपलीकडे जगला नाहीं. भारतांत यश आलें तें ३ ऑगस्ट १९९४ रोजीं, दिल्लीस, डॉ. वेणुगोपाल यांच्या हातून.

हृदयाला विसांवा नाहीं, असें कवि म्हणतात. शास्त्र तसें म्हणत नाहीं. एक ठोका सुमारें सेकंदाच्या आठ दशांशांत पुरा होतो. त्यांतील एक दशांश अलिंदें आंवळतात, पुढचे तीन दशांश निलयें, आणि उरलेले चार दशांश चारी दालनें सैल असतात. निलयापुरतें पाहिलें तर आठांपैकीं पांच भाग विश्रांति. म्हणजे चोवीस तासांत पंधरा तास! प्रत्येक कामानंतर लगेच थोडें थांबावयाचें, ही त्याची रीत आहे. म्हणूनच तें सत्तर-ऐंशीं वर्षें चालतें.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दालनांतून एवढें रक्त वाहत असतां हृदयाचा स्नायु स्वतः जेवतो केव्हां? दालनांतलें रक्त जाड भिंतींत शिरत नाहीं. तें दुसऱ्यांचें असतें. हृदयासाठीं दोन निराळ्या रोहिण्या आहेत, त्यांस हृद्-रोहिण्या म्हणतात. तोंडाशीं त्यांची रुंदी तीन-चार मिलीमीटर, म्हणजे जाडसर उदबत्तीएवढी. महारोहिणी हृदयांतून निघते न निघते तोंच तिला फुटणाऱ्या ज्या पहिल्या शाखा, त्याच या. म्हणजे मेंदूच्याही आधीं हृदयाचें पान वाढलेलें असतें. त्याचें वजन शरीराच्या दोनशेंव्या हिश्श्याएवढें, पण वांटा तें घेतें विसाव्या हिश्श्याएवढा. आणि तो बव्हंशीं त्या विश्रांतीच्या वेळांत घेतें, कारण स्नायु आंवळलेला असतांना त्याच्या आंतल्या वाहिन्या चेंपलेल्या असतात. सर्वांना वाढणारें हृदय आपला घांस पहिला घेतें, व बसून घेतें. यांत स्वार्थ नाहीं. तें उपाशी राहिलें तर कोणालाच कांहीं मिळणार नाहीं.

या उदबत्तीएवढ्या वाहिनीच्या भिंतींत वर्षानुवर्षें मेदाचा थर सांचतो. तंबाखू, मधुमेह, वाढलेला रक्तदाब, मेदाचें आधिक्य व बैठें राहणें यांनीं तो लौकर सांचतो. आईबापांकडूनही ही प्रवृत्ति येते. एखाद्या दिवशीं त्या थराला तडा जातो, त्यावर रक्ताची गुठळी धरते, आणि वाट बंद होते. त्या वाटेवर अवलंबून असलेला स्नायु अर्ध्या-पाऊण तासाच्या आंतच मरूं लागतो. मेलेला स्नायु पुन्हां उगवत नाहीं. त्या जागीं नुसता व्रण राहतो. गुठळी विरघळविणारें औषध आहे, मांडींतून किंवा मनगटांतून नळी घालून वाट मोकळी करण्याची रीत आहे. पण पहिल्या तासांत व पांचव्या तासांत जो फरक आहे तो कोणत्याही डॉक्टरांस भरून काढतां येत नाहीं. आमच्या घरीं तो फरक जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसलेला रोज दिसतो.

म्हणून वाचकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें. छातीच्या मध्यभागीं जड दडपण येणें, तें डाव्या हातांत, खांद्यांत किंवा जबड्यांत जाणें, घाम सुटणें, धाप लागणें, हीं झटक्याचीं लक्षणें सर्वश्रुत आहेत. पण स्त्रियांत, वृद्धांत व मधुमेह असलेल्यांत छाती न दुखतांही झटका येतो. नुसता जबडा किंवा पाठ भरून येणें, मळमळ, धाप, एकाएकीं आलेला विलक्षण थकवा, एवढींच खूण असूं शकते. अशा वेळीं ओवा, सोडा, आलें-लिंबू यांत वेळ दवडूं नये. रोग्याला चालवूं नये, जिना उतरवूं नये. महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकावर दूरध्वनि केला असतां रुग्णवाहिका विनामूल्य येते. रुग्णालयांत कार्डिओग्राम काढावा व तो पित्ताचाच प्रकार निघाला तर आनंदानें घरीं यावें. मनुष्य अगदीं बेशुद्ध पडला व नीट श्वास घेईनासा झाला, तर मदतीस हांक मारून त्याला पाठीवर निजवावें आणि छातीच्या मध्यावर दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळां, पांच-सहा सेंटिमीटर खोल, मदत येईतोंपर्यंत दाबीत राहावें. बाहेरून दिलेला तो दाब मेंदूला थोडें तरी रक्त पोंचवितो. ही रीत घरांतील प्रत्येक जाणत्या माणसानें कोणा माहितगारापाशीं बसून शिकून घ्यावी.

आतां वहिनींच्या प्रश्नाचें उत्तर. आम्हीं चौतीस वर्षें फळ्यावर हृदय काढलें. चार दालनें काढलीं, चारी झडपा काढल्या, लाल व निळ्या खडूंनीं बाण काढले. पण हृदयाला पोसणाऱ्या त्या दोन रोहिण्या आम्हीं एकदांही काढल्या नाहींत. परीक्षेंत त्यांवर प्रश्न येत नसे. हृदय सर्वांना कसें पुरवितें तें आम्हीं शिकविलें. त्याला कोण पुरवितें, हें आम्हीं मुलांना विचारलें नाहीं व आम्हांसही कोणीं विचारलें नव्हतें. जी चूक फळ्यावर, तीच घरांत. वहिनी सर्वांना वाढतात हें बेचाळीस वर्षें आम्ही पाहत आलों. त्या केव्हां जेवतात, हें आमच्यापैकीं एकालाही धड ठाऊक नव्हतें. त्या दिवशीं त्या उंबऱ्यावर टेकल्या, तेंच मोठें लक्षण होतें. कारण पंगत चालू असतांना त्यांना बसलेलें आम्हीं पूर्वीं कधींच पाहिलें नव्हतें. पुस्तकांत नसलेलें तें लक्षण घरच्या माणसानें ओळखावयाचें होतें.

हें उत्तर आम्हीं लेखाआधीं वहिनींस वाचून दाखविलें. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "छापा. आणखी एखादीचा वेळ वांचेल." आणि लगेच, "पण पंगतीचं लिहायची कांहीं गरज नव्हती."

गरज होती असें आम्हांस वाटतें, म्हणून तें ठेविलें आहे. यंदाच्या गौरी जेवणाला त्यांचें पान पहिल्या पंगतींत मांडलें होतें. वाढावयास आम्ही दोघे भाऊ व आमचे पुतणे होतों. आमटी पानाबाहेर सांडली, भात थोडा गार झाला, आणि मीठ वाढावयाचें राहून गेलें. वहिनींनीं तें मागून घेतलें.

पुढील अंकीं, रक्त म्हणजे काय व त्यांत कोणकोणते घटक असतात, याविषयीं लिहूं.